वहीतलं सतरा नंबर

वीज खात्यात नोकरी आणि चर्चच्या गायनमंडळात बेस, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या की काय होतं ते मला विचारा. उपासना चालू असताना लाइट गेली की सगळी मंडळी आधी पंख्याकडे पाहते आणि मग वळून माझ्याकडे. पाळकसाहेबसुद्धा. जसं काही मीच खिशात हात घालून बटण दाबलं! मी मान खाली घालून वही चाळत बसतो. सत्तावीस वर्षं झाली, अजून कोणाची ही सवय गेली नाही.

गाणं मला येतं असं मी कुठे सांगत नाही. लग्नात कोणी ‘भाऊ, एक होऊन जाऊ द्या’ म्हणालं की मी पंगतीतून उठतो. कारण मी जे गातो ते एकट्यानं गायलं तर गाणं वाटतच नाही. बेसची ओळ न्हाणीघरात म्हणून पाहा कधी. एकाच सुरावर चार अक्षरं, मग दोन पायऱ्या खाली, मग परत तिथेच. आमच्या घरी बाहेरून आवाज येतो, “अहो, बरं वाटून नाही राहिलं का?” बायको सोप्रानोत, म्हणजे सगळ्यात वरच्या आवाजात आहे, तिला असं बोलायचा हक्क आहे.

चार आवाजांचं गाणं म्हणजे काय असं ऑफिसात कोणी विचारलं की मी नागपूरच्या गड्डीगोदामचं उदाहरण देतो. तिथे खाली रस्ता, रस्त्यावरून रेल्वेचा पूल, रेल्वेच्या वरून उड्डाणपूल आणि त्याच्याही वरून मेट्रो. चौघं एकाच जागी, पण कोणी कोणाला धडकत नाही. मेट्रो म्हणजे सोप्रानो, फोटो तिचेच निघतात. उड्डाणपूल म्हणजे आल्टो, आहे हे लोकांच्या लक्षात येत नाही, पण बंद पडला तर सदरपर्यंत बोंब. टेनर म्हणजे रेल्वे. कधी येईल सांगता येत नाही, आली की सगळ्यांना थरथरवून जाते. आणि सगळ्यात खालचा रस्ता म्हणजे आम्ही. ट्रक, ऑटो, खड्डे, पावसाळ्यात पाणी. वरच्या तिघांचे खांब आमच्यातच रोवलेले, हे मात्र खरं.

सबस्टेशनला माझी पाळी रात्रीची असली की बाकीचे मोबाइलवर असतात आणि मी ट्रान्सफॉर्मर ऐकतो. आपल्याकडे विजेची वारंवारता पन्नास हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरच्या आतला लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा प्रत्येक आवर्तनात दोनदा किंचित ताणतो आणि आकसतो, म्हणून त्याची घुंईं शंभर हर्ट्झची. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर मंद्रातली, म्हणजे खालच्या सप्तकातली पांढरी पाच (पाचवी पांढरी पट्टी), केसभर वर. हे मी पेटीवर आणि मोबाइलमधल्या अ‍ॅपवर दोन्हीकडे तपासलेलं आहे. नोकरीत आयुष्यभर हा एकच सूर ऐकत आलो. तानपुरा लावून रियाज करतात लोक, माझा तानपुरा १३२ केव्हीचा आहे.

आता हा सूर लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गायनमंडळात मला आणलं ते काकांनी. सख्खे काका नाहीत, पण मंडळीत सगळे त्यांना काकाच म्हणतात. रेल्वेत गार्ड होते. मी पंचविशीत असताना एका रविवारी त्यांच्या मागच्या बाकावर बसलो होतो. प्रार्थना संपली, मी ‘आमेन’ म्हटलं, आणि ते गर्रकन वळले. “कोणाचा रे तू?” बाबांचं नाव सांगितलं. “शनिवारी सहाला ये.” बस, एवढीच निवड चाचणी. पहिल्या शनिवारी त्यांनी एकच धडा दिला: “सोप्रानोकडे लक्ष देऊ नको. लक्ष दिलं का गेला.” खरंच आहे ते. मूळ चाल लहानपणापासून कानात बसलेली असते, संडे स्कूलमध्ये तीच शिकवलेली. बाजूनं चाळीस माणसं तीच गात असताना तुम्ही दुसरंच काहीतरी गायचं, आणि तेही ठामपणे. पहिले सहा महिने मी दर दोन ओळींनंतर घसरून सोप्रानोच्याच चालीवर जायचो, एक सप्तक खाली. काका कोपरानं ढोसायचे. माझी डावी बरगडी अजून शनिवारी सहा वाजता सावध होते.

आमची मंडळी मराठी. २९ नोव्हेंबर १९७० ला इथेच, नागपुरात, सहा वेगवेगळ्या चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. काका तेव्हा तेवीस वर्षांचे. त्यांचं म्हणणं असं, की घटना एक झाली, बिशप एक झाले, सही-शिक्के एक झाले, पण चाली एक झाल्या नाहीत. कोणाचे आजोबा स्कॉटिश मिशनचे, तोच मिशन ज्यानं १८४५ ला स्टीफन हिस्लॉपना इथे पाठवलं. कोणाचे आजोबा अँग्लिकन, कोणाचे आणखी कुठले. शब्द सगळ्यांचे तेच, चाल घराघराची निराळी. आणि ते शक्य होतं, कारण या गीतांना मापं असतात. आठ-सहा-आठ-सहा अक्षरांचं कडवं असलं की त्या मापाची कुठलीही चाल त्याला बसते, जसा ४२ नंबरचा शर्ट ४२ छातीच्या कोणालाही होतो. त्यामुळे अंत्यविधीसारख्या प्रसंगी, जिथे सराव नसतो, तिथे अर्धी मंडळी एक चाल उचलते आणि अर्धी दुसरी. मी एकदा कबरस्तानात तीन चाली एकाच वेळी ऐकल्या आहेत. जो गेला होता त्याला भांडणं आवडायची, त्यामुळे शोभलं.

भाषांतरित गीतांचं आणखी एक दुखणं आहे, ते मराठी माणसालाच कळेल. चाल परक्या भाषेच्या जोरांवर बेतलेली. मराठी शब्द तिच्यात कोंबला की ऱ्हस्व अक्षर नेमकं चार मात्रांच्या लांब सुरावर जाऊन बसतं. ‘करुणा’ हा शब्द असाच एका गीतात चढत्या सुरावर येतो, ‘रु’ लांबतो, आणि बाहेरच्या माणसाला ऐकू येतं ‘करू ना’. देवाकडे करुणा मागून राहिलो की परवानगी मागून राहिलो, काही पत्ता लागत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी हे दुखणं बरोबर ओळखलं होतं. १८९५ ला बाप्तिस्मा घेण्याआधी ते काही काळ आमच्या नागपुरातच होते, आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं. पुढे त्यांनी ओवी-अभंगाच्या वळणानं गीतं लिहिली. त्यांत ऱ्हस्व ऱ्हस्व राहतो, दीर्घ दीर्घ, आणि सत्तर वर्षांची आजीसुद्धा पुस्तक न उघडता म्हणते. मला फार आवडतात. पण त्यांत बेसला काम नाही. सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, खाली तबला, पेटी. मग मला टाळ देतात. टाळ वाजवण्यात माझी प्रगती नाही, हे इथेच कबूल करून पुढे जातो.

तर वही. आमच्या गीतपुस्तकात नुसते शब्द आहेत, चाली नाहीत. चार आवाजांच्या चाली काकांच्या वहीत. लांबट, खाकी पुठ्ठ्याची, कोपऱ्यांवर कापडी पट्टी लावलेली हिशेबाची वही. त्यात प्रत्येक गीताची बेसची ओळ काकांनी निळ्या शाईनं उतरवलेली, सोल-फा पद्धतीत. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात जॉन कर्वेन नावाच्या इंग्रज पाळकानं पसरवली, म्हणजे ज्यांना पाच रेघांचं स्वरलेखन वाचता येत नाही अशा साध्या माणसांनाही चार आवाजांत गाता यावं. डो, रे, मी, फा, सोल, ला, टी यांची पहिली अक्षरं लिहायची. दोन ठिपके म्हणजे नवी मात्रा, आडवी रेघ म्हणजे आधीचा सूर लांबवा. आणि डो कुठेही धरता येतो, आपल्या षड्जासारखाच. काकांनी ही अक्षरं देवनागरीत घेतली: ड र म फ स ल ट.

आता ज्यांनी शास्त्रीय थोडंफार शिकलं आहे त्यांच्या पोटात गोळा आला असेल. येणारच. कारण या वहीतला ‘म’ म्हणजे आपला गंधार, आणि ‘स’ म्हणजे आपला पंचम. एक वर्ष आमच्याकडे पेटीवर एक मुलगा होता, विशारदच्या परीक्षेची तयारी करत होता, हात फार गोड. त्याला कोणी सांगितलंच नाही. त्यानं वही समोर ठेवून ‘स’ दिसला की षड्ज आणि ‘म’ दिसला की मध्यम असं सरळ वाजवलं. पहिल्या ओळीला आम्ही एकमेकांकडे पाहिलं, दुसऱ्या ओळीला टेनर गळाले, तिसऱ्या ओळीला काका म्हणाले, “बेटा, हे तू काय वाजवून राहिला?” तो म्हणाला, “जे लिहून आहे तेच.” दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

पेटीचा विषय निघालाच आहे तर कीबोर्डचंही सांगून टाकतो. जुनी पायपेटी होती, तिचा भाता उंदरांनी खाल्ला, मग कीबोर्ड आला. कीबोर्डला ट्रान्सपोज नावाचं बटण असतं. वाजवणाऱ्याला काळ्या पट्ट्या जड जातात, म्हणून तो बोटं सोप्या पट्टीत ठेवतो आणि बटणानं सूर वर-खाली करून घेतो. एका ईस्टरला पहाटेच्या उपासनेत आम्ही असेच तीन सूर खाली उतरवलेल्या पट्टीत गात होतो. दुसरं कडवं संपता संपता लाइट गेली. (हो, सगळे माझ्याकडे वळले.) आम्ही तसेच गात राहिलो, नुसत्या आवाजात, आणि खोटं कशाला सांगू, छान चाललं होतं. चौथ्या कडव्याच्या तोंडावर लाइट आली. वाजवणाऱ्यानं उत्साहानं दोन्ही हात टाकले. पण बंद होऊन परत चालू झालेल्या कीबोर्डचं ट्रान्सपोज शून्यावर गेलेलं. आम्ही एका पट्टीत, तो तीन सूर वर. पुनरुत्थानाचा आनंद आणि तो आवाज! सोप्रानो त्याच्या मागे वर गेल्या, आम्ही खालीच अडून राहिलो, आल्टोंनी पुस्तकं मिटली. पाळकसाहेबांनी हात वर करून सरळ प्रार्थनेला सुरुवात केली. त्या दिवसापासून नियम झाला, की लाइट गेली तर कीबोर्ड त्या गीतापुरता मेला असं समजायचं.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मात्र कीबोर्ड नसतोच. बारा ते तीन उपासना, वधस्तंभावरचे सात उद्गार, सात संदेश, मधे मधे गीतं, सगळी नुसत्या आवाजात. हा दिवस मार्चच्या शेवटी नाहीतर एप्रिलमध्ये येतो, आणि नागपुरात एप्रिलच्या दुपारी बारा ते तीन म्हणजे काय हे नागपूरकराला सांगायला नको. दोन्ही बाजूंना चार मोठे कूलर. संदेश चालू असला की कूलर चालू, गीत आलं की बंद, कारण कूलरच्या घरघरीत आल्टो बुडतात आणि मग त्या रागावतात. कूलर बंद केला की पहिली पाच सेकंदं काहीच ऐकू येत नाही. मग उघड्या खिडकीतून कोपऱ्यावरच्या डीपीची, म्हणजे रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची, घुंईं ऐकू येते. तीच, पांढरी पाच.

सातव्या उद्गारानंतर, तीनला पाच-सात मिनिटं असताना, आम्ही वहीतलं सतरा नंबर म्हणतो. गीताचं नाव सांगत नाही, नाहीतर खाली प्रतिक्रियांत ‘आमच्याकडे दुसरी चाल आहे’ सुरू होईल. पांढरी एकमध्ये, अगदी संथ. शेवटच्या ओळीत बेस ‘फ म स ड’ असा उतरतो आणि गीत मिटतं. फ वरून एक पायरी खाली म, मग स, मग घरी. मला ती एक पायरी फार आवडते. अंधारात जिना उतरताना पायाला पायरी बरोबर सापडावी तसं वाटतं.

तीन वर्षांपूर्वी काकांनी गायनमंडळ सोडलं. कानातलं मशीन आलं, आणि मोठ्यानं गायलं की ते मशीन शिट्टी मारायचं. शिट्टी नेमकी सोप्रानोंच्या वरच्या सुराजवळ. “मी बेसवाला, आणि म्हातारपणी देवानं मला सोप्रानो केलं,” असं म्हणून त्यांनी वही माझ्या हातात दिली. बेसला मी एकटा उरलो. त्याच सुमारास मंडळीतल्या दोन-तीन आज्या म्हणायला लागल्या, की उत्तम शुक्रवारचं ते शेवटचं गीत आता ‘खाली खाली’ वाटतं. खाली म्हणजे रिकामं. मी मनात म्हटलं, एका माणसाचा आवाज आहे, रिकामं वाटणारच.

दोन वर्षांपासून आमचं गायनमंडळ एक मुलगी घेते. सव्वीस वर्षांची, पियानोच्या परीक्षा दिलेली, कान असा की लिफ्टच्या घंटेचा सूर सांगते. यंदा लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत तिनं ठरवलं, की सगळ्या चाली मूळ छापील स्वरलेखनावरून तपासायच्या. सतरा नंबरला आलो. शेवटची ओळ झाली आणि तिनं हात थांबवला.

“काका, परत एकदा. फक्त बेस.”

मी गायलो.

“काका, इथे तुम्ही मी घेऊन राहिले. सोल आहे तिथे. फा, सोल, सोल, डो.”

“वहीत म आहे ना बेटा.”

“वही चूक आहे मग.”

सत्तावीस वर्षं! मी तिला म्हटलं, चूक असती तर कधी कोणाच्या कानाला खटकली नसती का? तिनं कीबोर्डवर दाखवलं. त्या क्षणी वरचे तिन्ही आवाज मिळून डो, मी, सोल असा साधा मेळ धरून असतात. खाली सोल घेतला काय नि मी घेतला काय, दोन्ही त्या मेळातलेच. म्हणून चूक लपून राहिली. घरात शिरलेला परका माणूस घरच्यांसारखेच कपडे घालून असला की कोणी हटकत नाही, तसं. आणि जो सूर मी चुकवत होतो तो कोणता? पांढरी एकचा सोल, म्हणजे पांढरी पाच. डीपीचा. ट्रान्सफॉर्मरचा. पाळीला आठ तास तोच ऐकायचा, वर्षातून एकदा तो गायची वेळ आली की मी बाजूनं निघून जायचो.

त्या रात्री झोप नाही आली. स्वतःपेक्षा काकांचा राग जास्त आला. माणूस एवढा शिस्तीचा, गार्डाच्या डायरीत सेकंद लिहिणारा, आणि वही उतरवताना स चा म करतो? दुरुस्ती करायला गेलो तर गळा ऐकेना. फ म्हटला की पाय आपोआप त्या पायरीवर. स्कूटरवर, आंघोळीत, सबस्टेशनला ट्रान्सफॉर्मरसमोर उभा राहून, चांगला आठवडा गेला. समोर हा अजस्र डबा अखंड ‘स’ म्हणून राहिला आणि मी त्याच्या तोंडावर ‘म’. सोबतच्या पोरानं विचारलं, “सर, डबल ड्युटी झाली का तुमची?”

शेवटी एका रविवारी दुपारी वही घेऊन काकांकडे गेलो. ते बाहेरच्या खोलीत खाटेवर बसून संत्रं सोलत होते, मृग बहाराची शेवटची संत्री असतात तशी, साल सैल पडलेली. काकूंनी पाणी आणलं. मी जास्त वळसे न घेता पान उघडून समोर धरलं.

“काका, हे पाहा. इथे तुम्ही म लिहिला. स पाहिजे होता.”

त्यांनी हात पुसले. चष्मा लावला. वही डोळ्यांजवळ नेली, लांब नेली.

“स च तर आहे.”

“हा?”

“हा. माझ्या स ला शेपूट नसते. शाळेपासून नसते. मास्तर मारायचे त्याच्यासाठी.” मग त्यांनी वरच्या ओळीवर बोट ठेवलं. “हा पाहा म. याला इथे गाठ आहे. कळली?”

मी पाहिलं. खरंच, ‘म’ ला खाली डावीकडे शाईची बारीक गाठ होती. ‘स’ ला गाठ नव्हती, आणि शेपूट असायला हवी तिथे नुसता एक झटका. सत्तावीस वर्षांत तो फरक मला दिसला नव्हता. बाकी गीतांत नंतर तपासलं, तर तिथे मी बरोबर होतो, कारण ती मी काकांच्या तोंडून ऐकून शिकलो होतो. सतरा नंबर वर्षातून एकदाचं, त्याचा सराव कमी, ते मी वही पाहून स्वतःच बसवलं होतं. मोठ्या अभिमानानं.

“पण काका, तुम्ही तर बाजूला उभे असायचे. तुम्ही काय घ्यायचे?”

“स. खालचा.”

“आणि मी म घेतो ते ऐकू नाही यायचं?”

“यायचं ना बापा. तेव्हा कान चांगले होते.”

“मग सांगितलं काहून नाही?”

काकांनी संत्र्याची एक फोड तोंडात टाकली, बी काढून तळहातावर ठेवली. “मले वाटलं गायनमंडळाच्या मास्तरांनी तुले दुसरा सूर दिला. बेसचे दोन भाग. चांगलं लागत होतं.” थोडं थांबून म्हणाले, “तुले मी ऐकू येत नव्हतो का?”

याला काय उत्तर द्यायचं? येत होते, पण इतका घट्ट माझ्या पायरीवर लक्ष ठेवून असायचो, की बाजूला काय चाललंय ते... त्यांनीच शिकवलं होतं, लक्ष देऊ नको म्हणून. सोप्रानोकडे म्हटलं होतं, मी जरा जास्तच मनावर घेतलं. काकू आतून हसत होत्या.

उत्तम शुक्रवारला दहा दिवस होते. मुलीनं बेसला एक नवीन पोट्टा दिला. सतरा वर्षांचा, आवाज वर्षभरापूर्वीच फुटलेला, सकाळी कोचिंग, दुपारी कोचिंग, शनिवारी सहाला आमच्याकडे. आवाज एकदम खोल, विहिरीत बादली पडल्यासारखा, आणि तो कुठे ठेवायचा हे त्याला अजून कळलेलं नाही. त्यानं छापील कागदावरून स शिकून घेतला, पहिल्याच दिवशी, काहीच झालं नाही अशा थाटात. मी अजून म वरच.

“काका, राहू द्या तुमचा,” मुलगी म्हणाली. “हा खाली सोल घेईल, तुम्ही वर मी घ्या.” तिनं पेन्सिलनं तिच्या कागदावर दोन टिंबं केली आणि लिहिलं, बेस १, बेस २. मला तिनं एक ठेवलं, म्हणजे वरचा. वयाचा मान असेल.

त्या दिवशी पारा चाळीसच्या वर होता. सातवा संदेश लांबला, पाळकसाहेबांचा घसा बसत आला होता. तीनला सहा मिनिटं असताना पंचांपैकी एकानं कूलर बंद केले. पंख्यांची कुरकुर, कोणाच्यातरी हातातला पुठ्ठ्याचा पंखा, मग तेही थांबलं. खिडकीतून डीपी. मुलीनं तिची ट्यूनिंगची शिट्टी काढलीसुद्धा नाही, माझ्याकडे पाहून फक्त भुवई उचलली. मी डीपीचा सूर धरून त्यावरून डो काढला, पुटपुटत दिला, आणि आम्ही सुरू झालो.

शेवटच्या ओळीला फ आला. पोट्टा खाली गेला, मी माझ्या पायरीवर. तेव्हा पहिल्यांदा मी मुद्दाम बाजूला कान दिला. खाली त्याचा पांढरी पाच, बाहेर डीपीचा पांढरी पाच, वर माझा चुकीचा. गाता गाता आम्ही केसभर उतरलो असल्यामुळे दोघांच्या मधे एक हलकी लाट उठत होती, वां-वां-वां, बाकाच्या लाकडात जाणवेल इतकी. दोन मात्रांचं काम, मग सगळे डो वर. कोणी आमेन म्हटलं नाही, त्या दिवशी म्हणत नाहीत. मंडळी न बोलता उठून बाहेर गेली.

फाटकापाशी चपला शोधताना त्या आज्यांपैकी एकीनं माझा दंड धरला. “आज बरोबर झालं रे. मागच्या वर्षी काय झालं होतं तुम्हाला?”

काका मागच्या बाकावर होते. मशीन काढून खिशात ठेवलं होतं, त्यामुळे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना स्कूटरवर घरी सोडलं. रस्ताभर ते पायाच्या सुजेबद्दल बोलले.

आता ईस्टर होऊन गेला, सराव परत शनिवारी सहाला. पोट्ट्यानं अख्ख्या वहीचे मोबाइलवर फोटो काढून घेतले आहेत. छापील कागद सगळ्या चालींचे मिळाले नाहीत, काही फक्त वहीतच आहेत. परवा तो स्क्रीनवर दोन बोटांनी अक्षर मोठं करून माझ्याजवळ आला.

“काका, तेवीस नंबर. हा म आहे का स?”

मी चष्मा लावला. मोठं केल्यावर तर आणखीच कळेना. गाठ होती म्हटलं तर होती, नाही म्हटलं तर कागदाचा डाग.

“काकांना फोन लाव,” मी म्हटलं. “आणि जोरात बोल.”